मागे घेतलेल्या गोगलगायी

भाचीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला फेस, दुसरा गाल मोकळा, अशा अवस्थेत माणसाने फोन घेऊ नये. पण भाची लाडकी, म्हणून घेतला.

"मामा, तुम्ही काही लपवाछपवी केलीय का?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला सकाळच्या पारी असा प्रश्न विचारला, तर त्याच्या डोळ्यांपुढून काय काय सरकून जातं ते इथे लिहीत नाही. मी ठामपणे "नाही" म्हणालो. मग जरा थांबून, "म्हणजे, तू कशाबद्दल विचारतेयस त्यावर आहे."

"तुमचा तो गोगलगायींचा पेपर हो. मैत्रिणीला दाखवायला म्हणून उघडला, तर प्रत्येक पानावर तिरका लालभडक शिक्का. 'मागे घेतला' म्हणून."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आयुष्यात पेपर बरेच लिहिले, पण लोकांनी वाचलेला असा एकच. गोगलगाय रात्रभर चरून पहाटे आपल्या जागी परत येते, ती स्वतःच्या चिकट वाटेने येते की दुसरीच्या, हा त्याचा विषय. आमच्या इमारतीतल्या कुंड्यांमधल्या गोगलगायींवर मी तो अभ्यास केला. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या शंखावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. निष्कर्ष असा निघाला, की स्वतःची वाट आणि शेजारणीची वाट यात गोगलगायीला काही फरक वाटत नाही; जी ताजी दिसेल ती ती धरते आणि पुष्कळदा भलत्याच कुंडीत जाऊन आपल्याच घरी आल्यासारखी झोपते. सध्याचे पुढारी पाहता हा निष्कर्ष किती दूरगामी आहे, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. कुणी हसलं नाही, ते सोडा.

तसाच अर्ध्या फेसाने कॉम्प्युटरसमोर बसलो. शिक्का होता. खाली चौकटीत खुलासा होता: 'या लेखातील उंदरांच्या यकृताचं एकच छायाचित्र दोन वेगवेगळ्या उंदरांचं म्हणून छापल्याचं आढळल्यामुळे हा लेख मागे घेण्यात येत आहे. सर्व लेखकांना हा निर्णय मान्य आहे.'

माझ्या पेपरात उंदीर नाही. यकृत नाही. आणि 'सर्व लेखक' म्हणजे मी एकटा.

"अहो, तुम्ही मान्य केलंत आणि घरात एका शब्दाने बोलला नाहीत?" माझ्या खांद्यावरून वाचत बायको म्हणाली.

"अगं, मी काहीही मान्य केलेलं नाही! माझ्या पेपरात उंदीर कुठेयत?"

"ते मला काय ठाऊक? मी कुठे वाचलाय?"

शिक्क्यापेक्षा हे जास्त लागलं. इतकी वर्षं माझी समजूत होती, की हिने तो पेपर वाचून, भारावून जाऊन, मौन पाळलं आहे.

"माझं नेलपॉलिश संपवलंत, तेवढं मला आठवतं," असं म्हणून ती आत गेली.

मी मनात म्हटलं, यात घाबरण्यासारखं काय? कुणाचा तरी शिक्का चुकून आपल्याला लागलाय. पोस्टमन शेजारच्याचं पाकीट आपल्याकडे टाकतो, तसं. एक मेल टाकला की झालं. 'एक मेल टाकला की झालं' हे वाक्य ज्या माणसाने पहिल्यांदा उच्चारलं, त्याला मी शोधतो आहे.

जर्नलला मेल टाकता येत नव्हता. तक्रार फक्त त्यांच्या संकेतस्थळावरून करायची, आणि तिथे आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा. प्रकार तीन: कुणी आकडे रचले आहेत, कुणी मजकूर चोरला आहे, कुणी चित्रांत फेरफार केला आहे. 'तुमचंच काहीतरी चुकलं आहे' असा चौथा प्रकार त्यांना सुचलेला नव्हता. जावयाने जेवणाला नाव ठेवावं तशा संकोचाने मी चित्रांवर टिचकी मारली आणि खाली लिहिलं, की महोदय, चित्रं माझी नाहीत.

तिथेच पाय घसरला.

उत्तर आलं ते 'सचोटी विभागा'कडून. खाली माणसाचं नाव नाही, नुसतं 'आपला, विभाग'. त्यात लिहिलं होतं, की चित्रं आपली नसल्याची कबुली आपण दिलीत याची नोंद घेतली आहे. लेख मागे घ्यायला दिलेली मान्यता रद्द करायची असल्यास मूळ मान्यतापत्राची प्रत जोडावी.

मी लिहिलं, मान्यता दिलीच नाही तर प्रत कुठून आणू? त्यांनी लिहिलं, तसं असेल तर मूळ छायाचित्रं पाठवा, तज्ज्ञ तपासतील. मी सरळ स्वभावाचा माणूस. पेपरातली माझी सगळी मूळ छायाचित्रं पाठवून दिली. गोगलगाय कुंडीत. गोगलगाय कुंडीच्या काठावर. गोगलगाय, शंखावर गुलाबी ठिपका, शेजारणीच्या कुंडीत.

तज्ज्ञांनी ती बारकाईने पाहिली असावीत. अभिप्राय आला: 'सदर छायाचित्रांपैकी एकाही छायाचित्रात यकृत आढळून येत नाही. त्यामुळे नव्याने गंभीर शंका उपस्थित होत आहेत.' आणि माझ्या पेपरावर लाल शिक्क्याच्या जोडीला एक पिवळी चौकट उगवली: 'या लेखाबद्दल संपादक मंडळाला चिंता वाटते.' मेलेल्या माणसाला सर्दी झाल्याचं जाहीर करावं, तसं.

आता शेजारी. आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट जिन्याने चढत नाही, भिंतींमधून झिरपते. तळमजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांची वकिली जास्त जोरात आहे, कारण आता पक्षकाराच्या संमतीची गरज उरलेली नाही. त्यांनी मला फाटकातच गाठलं.

"प्रोफेसर, कबूल काहीही करू नका."

"अहो, मी काही केलेलंच नाही."

"हेच. हेच म्हणत राहायचं. आवाज मात्र एवढा कापू देऊ नका."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरत आल्या. त्यांच्या कुंड्यांमध्ये मी कितीतरी संध्याकाळी वाकून बसलो होतो. नाही म्हटलं तरी पेपराच्या शेवटी आभारांत त्यांचा उल्लेख आहे. मला वाटलं, दोन शब्द धीराचे बोलतील.

"तुम्ही घरात उंदीर पाळले होते?" त्यांनी विचारलं.

"नाही हो!"

"मग त्यांची यकृतं कुठून आली?"

"यकृतं नाहीतच!"

"म्हणजे टाकून दिलीत? कुठे? आमच्या कुंड्यांत?" आणि एकदम त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तरीच त्या वर्षी गुलाब एवढे फुलले होते!"

त्या आठवड्यात इमारतीची बैठक बोलावली गेली. विषय: पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, आणि 'एका सभासदाचे उंदीर'. सेक्रेटरींनी फार समजूतदारपणे सांगितलं, की झालं गेलं विसरून जाऊ, फक्त उंदीर नक्की किती होते आणि सगळे गेले का, एवढं लिहून द्या. मी म्हणालो, एकही नव्हता. ते म्हणाले, एकही राहिला नाही असं लिहा, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल. वकिलांनी उभं राहून माझ्या बाजूने असं काही भाषण केलं, की उरलेसुरले दोन लोक जे मला निर्दोष समजत होते, त्यांनाही शंका आली. बायको शेवटपर्यंत खाली मान घालून बसली होती. घरी आल्यावर तिने फ्रीज रिकामा करून आतून बाहेरून पुसला. मी विचारलं, "तूसुद्धा?" ती म्हणाली, "मला माहितेय हो तुम्ही काही केलेलं नाही. पण पुसल्यावर बरं वाटतं."

पुढची पायरी कॉलेजची. जर्नलने कॉलेजला कळवलं, की आपल्या प्राध्यापकाची चौकशी करा. असं पत्र आलं की ते कॉलेजच्या सचोटी समितीच्या अध्यक्षांकडे जातं. अध्यक्ष मी. शिपायाने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, मी फोडलं, वाचलं, आणि नियमाप्रमाणे स्वतःकडून खुलासा मागवण्यासाठी कागद पुढे ओढला. दोन ओळी लिहून झाल्यावर भान आलं आणि उठून प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी मला अध्यक्षपदावरून बाजूला केलं आणि चौकशी भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे सोपवली. हा गृहस्थ आयुष्यात जिवंत प्राण्याशी संबंध आलेला नाही, असं अभिमानाने सांगणारा.

"उंदीर किती होते?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"सुरुवातीला शून्य की शेवटी शून्य?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. हा पेपर गोगलगायींवर आहे. शीर्षक वाचा ना."

"शीर्षकावर मी जात नाही," ते म्हणाले. "ज्याला लपवायचंय तो शीर्षकात उंदीर घालेल का?"

मी उठून आलो. इतका वेळ मला राग येत होता, आता हसू यायला लागलं होतं. आणि माझ्या खोलीच्या दाराशी माझी विद्यार्थिनी उभी होती. तिला पाहिलं आणि हसू जिरलं.

माझ्याकडे पीएचडी करणारी ही एकुलती एक मुलगी. माझ्या पेपराच्या पायावर तिने आपलं सगळं काम उभं केलेलं. शेतातल्या गोगलगायी एकमेकींच्या वाटा धरून पिकात कशा पसरतात, यावर तिने उन्हापावसात चिखल तुडवत काढलेली वर्षं. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा ठरली होती, एका संशोधन केंद्रात नोकरीही ठरली होती. पदवी हातात आली की रुजू व्हायचं. आता बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं होतं, की ज्या पेपरावर प्रबंध उभा आहे तोच मागे घेतलेला असेल, तर परीक्षा घेणं योग्य नाही.

"मी त्यांना फोन करतो," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर—"

"सर, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," ती हळूच म्हणाली. "पण विश्वासाचा संदर्भ देता येत नाही ना प्रबंधात."

तिने रडायला हवं होतं, म्हणजे मला काहीतरी समजूत घालता आली असती. ती रडली नाही. नोकरीची जागा केंद्रवाले किती थांबवून धरतील तेवढं तिने विचारलं, आणि मला ठाऊक नव्हतं.

आतापर्यंत माझी अब्रू गेली होती, ती माझी मला सांभाळता आली असती. पण ही पोर माझ्या शिक्क्याखाली चिरडली जाणार, हे काही मला गिळवेना. मी दार लावून टेबलाशी बसलो आणि विचार करू लागलो, की जगात हा गोंधळ निस्तरू शकेल असा एक तरी माणूस, विभाग नव्हे, माणूस, असेल का.

तो माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून आला. फोनवर.

"नमस्कार. मी आपल्याला ओळखत नाही," पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला. "पण बहुतेक माझा शिक्का आपल्याकडे आलाय."

मी खुर्चीत ताठ बसलो. "आपण उंदीरवाले?"

"हो," ते म्हणाले. "यकृतंही माझीच."

मला जन्मात कुणाच्या यकृताचा इतका आनंद झाला नव्हता.

त्यांची कहाणी ऐकली आणि मी थक्क झालो. माझी समजूत होती, कुणीतरी बनेल माणूस फोटो फिरवताना पकडला गेला असेल. तसं काही नव्हतं. जुनी कपाटं आवरताना त्यांच्याच लक्षात आलं होतं, की चित्रं लावताना एक फोटो दोनदा लागलाय, खरा दुसरा फोटो पाहिला तर निष्कर्ष टिकत नाही. हा त्यांचा सगळ्यात गाजलेला पेपर. कुणाला कळलं नव्हतं, कळण्याची शक्यताही नव्हती. त्यांनी आपणहून जर्नलला लिहिलं, की माझा पेपर मागे घ्या.

"आणि तेव्हापासून मी मागे लागलोय," ते म्हणाले. "विभाग म्हणतो, आपला पेपर मागे घेतलेला आहे. मी म्हणतो, नाही हो, उघडून बघा, तसाच आहे, लोक अजून वापरतायत! तर म्हणतात, आपल्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे. काल चिडून मी त्यांचीच मागे घेतलेल्या लेखांची यादी चाळली, तर गोगलगायींच्या अंगावर माझे उंदीर!"

एकाच अंकात आमचे पेपर पाठोपाठ छापले गेले होते. लेखांच्या क्रमांकांत शेवटचे दोन आकडे उलटसुलट. कुणीतरी ते भरताना अदलाबदल केली, आणि एक माणूस शिक्का काढा म्हणून ओरडत बसला, दुसरा शिक्का मारा म्हणून. दोघांनाही एकच विभाग 'आपला, विभाग' लिहीत होता.

"आपण दोघांनी मिळून तक्रार करू," मी म्हणालो.

"तक्रार नको," ते घाईने म्हणाले. "तक्रारीचे तीनच प्रकार आहेत. संपादिका गाठू. जर्नलच्या पहिल्या पानावर त्यांचं कॉलेज दिलंय. कॉलेजला फोन असतो."

इतका साधा विचार मला सुचला नव्हता. मी विभागाशी भांडण्यात रंगलो होतो.

संपादिकाबाई माझ्यासारख्याच कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या, जर्नलचं काम शिकवण्यातून वेळ काढून करणाऱ्या. आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका वेळी त्यांच्यासमोर हजर झालो. त्या स्वयंपाकघरातून बोलत होत्या. मागे काहीतरी शिजत होतं आणि त्या मधूनमधून झाकण सरकवत होत्या. आधी मी बोललो, मग ते बोलले, मग दोघं एकदम बोललो.

"थांबा, थांबा," त्या म्हणाल्या. "यातला कोण म्हणतोय मी निर्दोष आहे?"

"मी!" मी म्हणालो.

"आणि मी दोषी आहे," उंदीरवाले उत्साहाने म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला. चष्मा चढवून दोन्ही पेपर उघडले. एकदा खुलासा वाचला, एकदा माझं शीर्षक. मग कपाळाला हात लावला. "अहो, मी उंदरांच्या पेपरावर सही केली होती! हा कुणी बघितलाच नाही का?" आणि मग त्या मला जे म्हणाल्या, ते ऐकायला मी इतके दिवस कान टवकारून बसलो होतो: "सर, आमचं चुकलं. मनापासून माफ करा."

इतकं भांडण तयार ठेवलेलं. वकिलांनी तर मुद्दे लिहून दिले होते. पण ते शब्द कानावर पडले आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, चालायचंच." बायको दाराआडून ऐकत होती, तिने नंतर मला यावरून खूप ऐकवलं.

त्या मात्र बोलल्याप्रमाणे वागल्या. विद्यार्थिनीची गोष्ट सांगितल्यावर तर त्या हललेल्याच दिसल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षकांना त्यांनी स्वतः फोन केला. आठवडा उलटायच्या आत शिक्का गेला, पिवळी चौकट गेली, गोगलगायी पुन्हा स्वच्छ झाल्या. कॉलेजची चौकशी बंद झाली. भौतिकशास्त्राच्या प्रमुखांनी अहवालात लिहिलं, की उंदीर आढळले नाहीत, 'तथापि शोध पुरेसा झाला असं म्हणता येणार नाही'. इमारतीत मी नवा खुलासा सूचनाफलकावर लावला. वरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि जरा खट्टू होऊन म्हणाल्या, "मग गुलाब कशाने फुलले होते?"

तोंडी परीक्षेचा दिवस आला. कॉलेजच्या सभागृहात विद्यार्थिनी तासभर बोलली, प्रश्न आले, तिने एकेकाला शांतपणे उत्तर दिलं. मला पहिल्यांदाच जाणवलं, की आपला पेपर हा हिच्या कामापुढे फारच छोटा आहे, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. मग परीक्षकांना आपापसात बोलायचं म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. विद्यार्थिनी पाणी प्यायला कोपऱ्यात गेली. बाकावर माझ्याशेजारी एक बुटकेसे, नीटनेटके गृहस्थ येऊन बसले. त्यांनी कार्यक्रमभर मागच्या रांगेत बसून कान देऊन ऐकलं होतं.

"मीच तो," ते म्हणाले.

आवाजावरून ओळखलं. उंदीरवाले मुद्दाम प्रवास करून आले होते. आपल्या शिक्क्यामुळे एका मुलीचं अडलं, तर तिचं सुटताना बघायला यावं, असं वाटलं म्हणे. आम्ही हात मिळवले आणि बराच वेळ सोडायचे विसरलो.

"तुमचा लागला का शेवटी?" मी विचारलं.

"लागला!" त्यांचा चेहरा उजळला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांचा पेपर मागे घेतल्याचा खुलासा होता, आणि खाली संपादिकांनी जोडलं होतं: 'लेखकाने ही चूक स्वतःहून शोधून कळवली. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल जर्नल त्यांचं ऋणी आहे.'

"वा," मी म्हणालो. "छानच."

"तुमचंही आलं असेल ना काही?"

माझंही आलं होतं. 'पूर्वीची सूचना नजरचुकीने प्रसिद्ध झाली होती. ती रद्द समजावी.' संपलं. प्रामाणिकपणा नाही, ऋण नाही, गोगलगायींचा साधा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे ज्याचा पेपर गेला त्याला मानपत्र, आणि ज्याचा टिकला त्याला रेल्वेची घोषणा. मला चक्क हेवा वाटला. पण शेजारी बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा पेपर स्वतःच्या हाताने पुसून टाकून तो असा हलका होऊन बसला होता, पाय बाकाखाली पोरासारखे हलवत. मग मी तो कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी मोठ्याने. ते लाजले.

"आता झोप लागते," ते म्हणाले. "तुम्हाला?"

"मला पहिल्यापासूनच लागते. पण आता घोरतोसुद्धा, असं ही म्हणते."

सभागृहाचं दार उघडलं. बाहेरचे परीक्षक दारात उभे राहिले, आमच्या दिशेने पाहून प्रसन्न हसले आणि हात पुढे करून म्हणाले, "या, डॉक्टर."

आम्ही दोघं एकदम उठलो.

"तुम्ही नव्हे," ते म्हणाले. "बसा तुम्ही."

आमच्यामागून विद्यार्थिनी पुढे झाली, तोंडावरचं पाणी अजून तिने पुसलंही नव्हतं.